माल्टच्या भट्टीतला क्रांतिकारक : गाब्रिएल झेडलमायर

प्रतिनिधी

बिअरचा विषय निघाला की चर्चा होते ती हॉप्सच्या कडवटपणाची, फेसाची किंवा बाटलीवरच्या नाममुद्रेची. ज्या धान्यातून हे पेय जन्माला येते, त्या माल्टचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. युरोप-अमेरिकेत घरच्या घरी बिअर तयार करणाऱ्या हौशी मंडळींना मात्र पहिलाच प्रश्न पडतो तो माल्टचा. पिल्सनर घ्यावा, व्हिएन्ना घ्यावा की म्युनिक? ही तीन नावे तीन शहरांची आहेत आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, अवघ्या काही वर्षांच्या अंतराने ती रूढ झाली. त्यांपैकी म्युनिकचे नाव ज्याच्या भट्टीमुळे जगभर गेले, तो गाब्रिएल झेडलमायर हा बव्हेरियाचा बिअर-उत्पादक. त्याच्या निधनाला सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, तरी त्याने घालून दिलेली पद्धत आजही मोडलेली नाही.

माल्ट म्हणजे काय, हे मराठी घरांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. नंदुरबार तालुक्यातील कोरीट असो की पुण्यातील एखादी सोसायटी, लहान मुलांसाठी नाचणीचे सत्त्व करण्याची रीत सर्वत्र सारखीच. धान्य भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायचे, मंद आचेवर भाजायचे आणि दळायचे. सातूवर, म्हणजे बार्लीवर, हीच प्रक्रिया केली की माल्ट तयार होतो. मोड येताना दाण्यात विकरे तयार होतात आणि पुढे कोमट पाण्यात तीच विकरे पिठुळ स्टार्चचे साखरेत रूपांतर करतात. सातपुड्यातील मोहाच्या फुलांत साखर आयतीच असते, म्हणून तिथे मोड आणण्याचा खटाटोप लागत नाही. सातूला तो टळत नाही. भाजणी जास्त झाली तर सुवास वाढतो, पण विकरे मरतात. कमी झाली तर विकरे टिकतात, पण चवीला खोली येत नाही. झेडलमायरचे कर्तृत्व या एका तोलाशी निगडित आहे.

धुराच्या भट्ट्यांचा काळ

झेडलमायरचा जन्म २६ फेब्रुवारी १८११ रोजी म्युनिक येथे झाला. त्याचे वडीलही गाब्रिएल याच नावाचे. ते बव्हेरियाच्या राजदरबारी बिअर तयार करणारे जाणकार होते आणि १८०७ मध्ये त्यांनी श्पाटेन ही डबघाईला आलेली ब्रूअरी विकत घेतली होती. मुलाने हा व्यवसाय पुढे चालवावा, हे जणू जन्मतःच ठरलेले होते.

त्या काळी बव्हेरियातील बिअर-उत्पादन परंपरेच्या चौकटीत बांधलेले होते. १५१६ च्या फर्मानानुसार बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालण्यास मनाई होती. १५५३ पासून २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करण्यावरच बंदी होती, कारण उन्हाळ्यात माल हमखास नासत असे. माल्ट लाकडाच्या जाळावर थेट वाळवला जाई. त्यामुळे तो तपकिरी होई, त्याला धुराचा वास येई आणि एका भट्टीचा माल दुसरीशी जुळत नसे. तापमापकाचा वापर विरळा, साखरेचे प्रमाण मोजण्याचे साधन तर बहुतेकांनी पाहिलेही नव्हते. सगळा कारभार हाताच्या आणि जिभेच्या अंदाजावर चालत असे.

पोकळ काठीची कथा

इंग्लंडमध्ये मात्र चित्र निराळे होते. तिथे कोळशापासून केलेल्या कोकच्या निर्धूर आचेवर फिकट माल्ट तयार होत होता आणि रसातील साखर मोजणारे सॅकॅरोमीटर हे उपकरण अठराव्या शतकाच्या अखेरीसच कारखान्यांत पोहोचले होते. हे सारे डोळ्यांनी पाहावे म्हणून १८३३ मध्ये बावीस वर्षांचा झेडलमायर इंग्लंड-स्कॉटलंडच्या दौऱ्यावर निघाला. सोबत होता व्हिएन्नाजवळच्या श्वेखात येथील ब्रूअरीचा वारस आंतोन ड्रेहर.

कारखानदारांनी या परदेशी तरुणांना हसतमुखाने कारखाने दाखवले, पण नेमके आकडे कोणी सांगेना. तेव्हा या दोघांनी वेगळाच मार्ग काढला. त्यांनी आतून पोकळ आणि तळाशी झडप असलेली काठी तयार करवून घेतली. पाहणी करता करता ती आंबत असलेल्या रसाच्या पिंपात बुडवायची, नमुना आत घ्यायचा आणि मुक्कामी परतल्यावर लपवून आणलेल्या उपकरणांनी मोजमाप करायचे. हा उघडउघड औद्योगिक हेरगिरीचा प्रकार होता. आपण पकडले गेलो तर काय होईल, याची धास्ती झेडलमायरला होती आणि पत्रांतून त्याने ती घरी कळवलीही होती.

या प्रकाराचे समर्थन करता येत नाही. पण दोघांनी चोरून आणली ती एखाद्या बिअरची कृती नव्हती, मोजण्याची सवय होती, हेही तितकेच खरे. मायदेशी परतल्यावर त्यांनी इंग्लिश बिअरची नक्कल केली नाही. थंड तळघरात, तळाशी बसणाऱ्या यीस्टने आंबवण्याची बव्हेरियाची पद्धत त्यांनी तशीच ठेवली आणि तिला इंग्लिश मापनाची व निर्धूर भट्टीची जोड दिली.

तीन शहरे, तीन माल्ट

१८३९ मध्ये वडिलांचे निधन झाले आणि श्पाटेनची जबाबदारी गाब्रिएल व त्याचा भाऊ योसेफ यांच्यावर आली. पुढे योसेफ वेगळा झाला आणि गाब्रिएलने श्पाटेन एकहाती सांभाळली. त्याने धुराऐवजी गरम हवेवर माल्ट वाळवण्यास सुरुवात केली. स्थानिकांना गडद बिअर प्रिय होती, म्हणून त्याने रंग गडदच ठेवला. धूर तेवढा घालवला. भाजलेल्या पावाच्या कडेसारखा सुवास असलेला हा माल्ट पुढे म्युनिक माल्ट म्हणून ओळखला जाऊ लागला.

ड्रेहरने श्वेखात येथे आच थोडी कमी ठेवली आणि त्याची तांबूस रंगाची व्हिएन्ना लागर १८४१ मध्ये बाजारात आली. पुढच्याच वर्षी बोहेमियातील पिल्सेन शहराने योसेफ ग्रॉल या बव्हेरियन जाणकाराला पाचारण केले. ऑक्टोबर १८४२ मध्ये त्याने अत्यंत फिकट माल्टपासून सोनेरी रंगाची बिअर तयार केली. आज जगात खपणाऱ्या बिअरपैकी बहुतांश या पिल्सनरच्याच वंशातील आहे.

निवडीचे गणित

घरगुती बिअर करणाऱ्यांच्या भाषेत या तिन्हींना बेस माल्ट म्हणतात, कारण एकूण धान्यात त्यांचाच वाटा सर्वांत मोठा असतो. पाच टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असलेली २० लिटर बिअर करायची तर साधारण चार ते पाच किलो माल्ट लागतो. त्यामुळे निवड चुकली तर नंतर घातलेल्या मूठभर खास माल्टने ती सावरता येत नाही.

पिल्सनर माल्ट अखेरीस साधारण ८० ते ८५ अंश सेल्सिअसला वाळवतात. रंग सर्वांत फिकट, विकरे भरपूर. फिकट लागरसाठी आणि गव्हाच्या बिअरच्या जोडीला तोच उपयोगी. मात्र त्याचा रस उकळताना उकडलेल्या मक्यासारखा वास सोडतो. तो उडून जावा म्हणून अनेकजण दीड तास उघड्यावर उकळणे पसंत करतात. व्हिएन्ना माल्टची आच ९० अंशांच्या थोडी पुढे जाते, रंग सोनेरी-तांबूस होतो आणि चवीत हलका खमंगपणा येतो. म्युनिक माल्ट १०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून थोडा वर वाळवला जातो. त्याचा सुवास सर्वांत भरदार. विकरे मात्र जेमतेम स्वतःपुरती उरतात. म्हणून गव्हाचा किंवा तांदळाचा मोठा वाटा असलेल्या मिश्रणात केवळ त्याच्यावर विसंबून चालत नाही.

पाण्याचाही विचार करावा लागतो. पिल्सेनचे पाणी अतिशय मृदू, तर म्युनिकचे चुनखडीयुक्त. क्षारयुक्त पाण्याला गडद माल्टची आम्लता मानवते, फिकट माल्ट त्यात तुरट लागतो. बोअरवेलच्या जड पाण्यावर पिल्सनर करू पाहणाऱ्याची निराशा का होते, याचे उत्तर इथे सापडते.

घेतले त्याहून अधिक दिले

ज्याने तारुण्यात दुसऱ्यांची गुपिते पळवली, त्याने पुढे स्वतःची दारे उघडी ठेवली, हा झेडलमायरच्या आयुष्यातील सर्वांत लक्षणीय भाग. देशोदेशींचे तरुण श्पाटेनमध्ये शिकण्यास येत. डेन्मार्कचा जे. सी. याकोब्सेन हा त्यांपैकीच. १८४५ मध्ये त्याने येथून यीस्ट नेले. ते जिवंत राहावे म्हणून घोडागाडीच्या प्रत्येक मुक्कामी भांड्यावर गार पाणी ओतत तो कोपनहेगनला पोहोचला. दोनच वर्षांनी, १८४७ मध्ये, त्याने कार्ल्सबर्ग ब्रूअरी स्थापन केली. तिथल्याच प्रयोगशाळेत १८८३ मध्ये एमिल हान्सेन यांनी यीस्टची शुद्ध पैदास साधली आणि ती पद्धत गुप्त न ठेवता इतरांना खुली केली.

श्पाटेनमध्ये १८४४ साली वाफेचे इंजिन आले आणि १८६७ पर्यंत ती म्युनिकमधील सर्वांत मोठी ब्रूअरी झाली. उन्हाळ्यातील बंदी १८५० मध्ये उठली, तरी उष्म्याचा प्रश्न कायम होता. तळघरे थंड ठेवण्यासाठी नद्या-तळ्यांवरचा बर्फ साठवावा लागे. हिवाळा सौम्य गेला की धंदा अडचणीत येई. कार्ल फॉन लिंडे या तरुण प्राध्यापकाने शीतकरण यंत्राची कल्पना मांडली, तेव्हा १८७० च्या दशकात त्याच्या पहिल्या चाचण्यांसाठी झेडलमायरने आपली ब्रूअरी उपलब्ध करून दिली. आज घरोघरी असलेल्या फ्रीजच्या पूर्वजांपैकी एक असा बिअरच्या कारखान्यात वाढला. १८७४ मध्ये कारभार मुलांच्या हाती सोपवून तो निवृत्त झाला आणि ऑक्टोबर १८९१ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी, त्याचे निधन झाले. त्यानंतर तीन वर्षांनी त्याच्या मुलांनी हेलेस ही फिकट बिअर आणली आणि गडद बिअरच्या म्युनिकनेही अखेर सोनेरी रंग स्वीकारला.

आपल्याकडे

महाराष्ट्रात हा छंद घरी जोपासता येत नाही, हे स्पष्ट करायला हवे. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने घरगुती मद्यनिर्मितीवर टाच आणली आणि १९४९ चा दारूबंदी कायदा परवान्याविना मद्य तयार करण्यास मनाई करतो. ब्रिटनने १९६३ मध्ये, तर अमेरिकेने १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअरला मोकळीक दिली. त्यामुळे तिथे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना ही वाट खुली आहे. इथल्या रसिकांसाठी पर्याय आहे तो परवानाधारक मायक्रोब्रूअरींचा. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या डूलालीपासून राज्यात त्यांची परंपरा रुजली.

अशा ठिकाणी पेला समोर आल्यावर केवळ रंगाकडे पाहून थांबू नये. कोणता बेस माल्ट वापरला, हे आवर्जून विचारावे. उत्तर म्युनिक असे आले, तर त्या रंगामागे दोन तरुणांची पोकळ काठी, धुरातून मुक्त झालेली एक भट्टी आणि अंदाजाऐवजी मोजमापावर विश्वास ठेवणारा एक कारागीर उभा आहे, एवढे लक्षात असावे.