११ ग्रॅमची गोळी आणि १,०११ हत्ती : 'करामोजो' बेलची गोष्ट

पिंपरी-चिंचवडहून पुण्याकडे येताना दापोडी ओलांडली की खडकी लागते. इथला दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. लष्कराच्या काडतुसांबरोबरच इथे परवानाधारकांच्या .३१५ रायफलींची काडतुसंही बनत आली आहेत. हे .३१५ माप भारतात रुजलं, कारण लष्कराची थ्री-नॉट-थ्री गोळी सामान्य माणसाच्या हाती पडू नये, अशी इंग्रज सरकारची इच्छा होती.

त्याच काळात साहेब शिकाऱ्यांमध्ये वेगळाच वाद रंगला होता. मोठ्या जनावरासाठी गोळी किती मोठी हवी? जिम कॉर्बेट वाचलेल्यांना त्याची रिग्बी .२७५ आठवत असेल. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या त्याने १९२६ साली तिनेच टिपला. पण बिबट्या कुठे आणि आफ्रिकेतला पाच-सहा टनांचा हत्ती कुठे! याच मापाच्या रायफलीने शेकडो हत्ती मारणारा माणूस म्हणजे वॉल्टर डॅलरिंपल मेटलंड बेल.

बेलचा जन्म १८८० साली स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोजवळ झाला. घर श्रीमंत होतं, पण आईवडील लहानपणीच गेले आणि मोठ्या भावांनी त्याला सांभाळलं. शाळेत मन रमेना. कोवळ्या वयातच तो जहाजावर गेला, आणि पुढे युगांडा रेल्वेच्या कामगारांना सिंहांपासून वाचवायला बंदूक घेऊन उभा राहिला. (त्या रेल्वेवरचे बरेचसे मजूर हिंदुस्थानातून नेलेले होते.) नंतर कॅनडात सोनं शोधणाऱ्यांच्या वस्तीला त्याने हरणांचं मांस पुरवलं. तिथून तो घोडदळात भरती होऊन दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धात उतरला.

या युद्धात समोरच्या बोअर सैनिकांच्या हातात जर्मन माउझर होती, ७ मिलिमीटरची. इंग्लंडच्या रिग्बी कंपनीने हेच माप इंचांत मांडून त्याला .२७५ म्हटलं. नाव बदललं, काडतूस तेच!

युद्ध संपल्यावर बेल हस्तिदंतासाठी युगांडाच्या ईशान्येकडच्या करामोजा भागात शिरला. 'करामोजो' हे टोपणनाव तिथलंच. तेव्हा हत्तीच्या शिकारीला जाणारे लोक खांद्यावर तोफच घेऊन निघत म्हणा ना. .६०० मापाच्या दुनळीची एक गोळी ९०० ग्रेनची, म्हणजे सुमारे ५८ ग्रॅम. बंदूक सात किलोच्या आसपास आणि धक्का असा की खांदा सुजावा. बेलच्या ७ मिलिमीटरची गोळी होती १७३ ग्रेनची, जेमतेम ११ ग्रॅम.

मग हत्ती पडायचा कसा? नळी बारीक असली तरी त्या मापात बेलने निवडलेली गोळी सर्वांत जड गोळ्यांपैकी होती. नळीचा व्यास ठरलेला, तेव्हा वजन वाढवायचं तर गोळी लांबच करावी लागते. लांब आणि बारीक गोळीचं सगळं वजन लहानशा छेदामागे एकवटतं, म्हणून ती खोल जाते. दाभण आणि हातोडीतला फरक म्हणा. त्याच मापात १४० ग्रेनची हलकी गोळीही मिळायची. ती वेगाने सुटते आणि लांबवर सरळ जाते, हरणासाठी छानच. पण जाड हाडात शिरायला बेलला ती नको होती.

वजनाइतकीच महत्त्वाची होती गोळीची बांधणी. नरम नाकाची गोळी अंगात शिरताच फुलते आणि तिथेच थबकते. बेल 'सॉलिड' वापरायचा, म्हणजे सगळीकडून कडक धातूचं आवरण असलेली, न फुलणारी, न वाकणारी. हत्तीच्या डोक्यात पोळ्यासारखं पोकळ-पोकळ हाड असतं आणि मेंदू त्याच्या बराच मागे दडलेला असतो. तिथवर सरळ पोहोचणारी गोळीच कामाची.

मेंदू नेमका कुठे आहे हे कळावं म्हणून बेलने मेलेल्या हत्तीचं डोकं करवतीने उभं कापून पाहिलं. समोरून, बाजूने, तिरकं मागून, प्रत्येक कोनातून नेम कुठे धरायचा हे त्याने पाठ केलं. मागून तिरक्या नेमाला आजही शिकारी 'बेल शॉट' म्हणतात. रिकाम्या बंदुकीने नेम धरण्याचा सरावही सतत चाले. एका हत्तीमागे सरासरी ७३ मैल, म्हणजे जवळपास ११७ किलोमीटर पायपीट, असा त्याचा स्वतःचा हिशोब होता. अशा पायपिटीत हलकी रायफल किती मोलाची, ते सांगायला नको.

त्याने इतर मापंही वापरली. ६.५ मिलिमीटरची मानलिखर, १६० ग्रेनची गोळी, तर त्याला फार आवडायची. पण तिच्या काडतुसांनी त्रास दिला आणि ती मागे पडली. समोर हत्ती उभा असताना काडतूस न उडणं म्हणजे काय, याची कल्पनाच केलेली बरी. .३१८ ची २५० ग्रेनची गोळीही त्याने बरीच वापरली. एकूण हत्ती १,०११, त्यातले २८ सोडले तर सगळे नर. बहुतेक ७ मिलिमीटरनेच मारलेले.

आज हा आकडा वाचून अंगावर काटा येतो. बेलच्या काळात तो धंदा होता, आणि बेल त्यात श्रीमंत झाला. तेव्हाही त्याची नक्कल करणं धोक्याचंच होतं. बारीक गोळी मेंदू चुकवून गेली तर हत्तीला थोपवण्याइतका धक्का तिच्यात नसतो, आणि बेलसारखा थंड डोक्याने दुसरा बार टाकणारे किती असणार? पुढे आफ्रिकेतल्या अनेक देशांनी अशा जनावरांसाठी किमान .३७५ मापाची अट कायद्यातच घातली. भारतात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा प्रश्नच मिटला.

पहिल्या महायुद्धात बेल वैमानिक झाला आणि त्याला मिलिटरी क्रॉस मिळालं. १९२३ साली हत्तींच्या शिकारीवरचं त्याचं पुस्तक आलं. म्हातारपणी स्कॉटलंडच्या डोंगरात तो लाल हरणांची शिकार करायचा, तीही .२२० स्विफ्टने. तिची गोळी ४८ ग्रेनची, म्हणजे तीन ग्रॅमची. हरणाची कातडी पातळ, हाड हलकं, तिथे त्याला लांब-जड सॉलिडची गरजच नव्हती. १९५४ साली तिथेच, आपल्या घरी, तो वारला.