मसीह-उल-मुल्क हकीम अजमल खान



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी डॉक्टरांच्या गोळ्यांशेजारी हकिमांची माजून नाहीतर वैद्यांचे चूर्ण ठेवलेले असते. दोन्ही औषधे घेण्याला कोणाची हरकत नसते. मात्र डॉक्टरांपुढे हकिमांचे औषध लपवायचे आणि हकिमांपुढे डॉक्टरांची चिठ्ठी काढायची नाही, ही आपली रीत. या दोन विद्यांनी एकमेकींपासून तोंड लपवू नये, यासाठी ज्या थोर पुरुषाने उभे आयुष्य वेचले, त्या हकीम अजमल खान यांचे चरित्र आपण सर्वांनी जाणून घ्यावे असे आहे.

त्यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८६८ रोजी दिल्लीच्या नामवंत शरीफी घराण्यात झाला. या घराण्यात हिकमत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. बालपणीच ते हाफिज झाले. पुढे वडील व वडीलबंधूंच्या हाताखाली त्यांनी युनानी तिब्बचे शिक्षण घेतले. १८९२ मध्ये ते रामपूरच्या नवाबांचे हकीम झाले. दरबारात मानमरातब होता, पण तेवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. दिल्लीत परतल्यावर बल्लीमारानमधील शरीफ मंझिलमध्ये त्यांनी गोरगरिबांवर मोफत उपचार केले. बंधूंनी सुरू केलेल्या मदरसा तिब्बियाची जबाबदारीही त्यांनी अंगावर घेतली. १९०९ साली तेथे स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग काढून सुइणींना शास्त्रशुद्ध शिक्षण देण्याची सोय केली. त्या काळी हे धाडसाचेच काम होते.

याच सुमारास आपल्या मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा येऊ घातला होता. तो १९१२ मध्ये संमत झाला. वैद्य-हकिमांबरोबर काम करणाऱ्या डॉक्टरांची नोंदणीच रद्द होईल, अशी भीती निर्माण झाली. अजमल खान यांनी वैद्य आणि हकीम यांना एका परिषदेत एकत्र आणून या अन्यायाविरुद्ध आवाज उठविला. परंतु येथेच त्यांचे मोठेपण ध्यानात घ्या. सरकारशी भांडताना त्यांनी पाश्चात्त्य वैद्यकाचा द्वेष केला नाही. उलट १९११ साली ते स्वतः युरोपात गेले आणि तेथील रुग्णालये व वैद्यकीय शाळा डोळ्यांखाली घातल्या. लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात त्यांची डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्याशी भेट झाली. एक हकीम व एक शल्यचिकित्सक यांची ही मैत्री अखेरपर्यंत टिकली.

त्यांच्या स्वप्नातील आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेजची कोनशिला १९१६ मध्ये लॉर्ड हार्डिंग यांनी बसविली आणि १९२१ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. हिंदू वैद्य व मुसलमान हकीम तेथे एका आवारात शिकू लागले आणि त्यांना शरीररचना व शल्यकर्मही शिकविले जाऊ लागले. कॉलेजच्या खर्चाला हिंदुस्थानी दवाखान्याच्या औषधविक्रीचा आधार होता.

राष्ट्रकार्यातही ते मागे नव्हते. १९२० मध्ये त्यांनी सरकारी किताब परत केला, तेव्हा जनतेने त्यांना मसीह-उल-मुल्क ही पदवी दिली. १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. जामिया मिल्लिया इस्लामियाचे ते पहिले कुलपती होते. २९ डिसेंबर १९२७ रोजी ते अल्लाहला प्यारे झाले.

त्यांच्या कार्याचे खरे फळ मात्र त्यांच्या पश्चात दिसले. जुनी औषधे प्रयोगशाळेत पारखली जावीत, ही त्यांची तळमळ होती. त्यासाठी त्यांनी जर्मनीत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ डॉ. सलीमुझ्झमान सिद्दीकी यांना हाताशी धरले होते. हकीम ज्या मुळीला असरोल म्हणतात व वैद्य सर्पगंधा म्हणतात, तिच्यातून सिद्दीकींनी १९३१ मध्ये एक द्रव्य वेगळे केले आणि हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ त्याला अजमलीन असे नाव दिले. पुढे १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधेची चाचणी करून तिचे निष्कर्ष ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले, आणि जगभरच्या डॉक्टरांचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन हे औषध वेगळे काढण्यात आले.

पण वाचकहो, गोष्ट एवढ्यावर संपत नाही. त्याच औषधाने काही रुग्णांना तीव्र खिन्नता येते, हेही परीक्षणातूनच कळले. रक्तदाबाच्या इतर गोळ्यांबरोबर ते नकळत घेतले गेले, तर दाब धोक्याच्या पातळीपर्यंत उतरू शकतो. म्हणजे झाडपाल्याचे औषध आहे, अपाय काय होणार, हा समज किती भ्रामक आहे पाहा! ज्या औषधात गुण आहे, त्यात अवगुणही असू शकतो. म्हणूनच त्याची पारख हवी.

तेव्हा पालकहो, हकिमांकडे जरूर जा, पण डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर न्या. डॉक्टरांनाही हकिमांच्या औषधाचे नाव सांगा. क्षय, मधुमेह, रक्तदाब अशा आजारांतील औषधे कोणाच्या ऐकीव सल्ल्यावरून बंद करू नका. आणि विद्यार्थी मित्रहो, आज मुंबई, पुणे, मालेगाव येथे युनानी महाविद्यालये आहेत व त्यांचा प्रवेशही नीट परीक्षेतूनच होतो. या विद्येकडे वळायचे असेल, तर रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांचा कसून अभ्यास करा. वाडवडिलांची विद्या तपासून, उजळून पुढच्या पिढीच्या हाती देणे, हीच हकीमसाहेबांना खरी श्रद्धांजली होय.