शब्दांची चालरीत सांगणारा शिक्षक

कोशकाराचे चरित्र म्हटले की तुम्ही पान उलटाल, याची मला कल्पना आहे. जो माणूस आयुष्यभर शब्दांची चळत लावीत बसला, त्याच्या जीवनात सांगण्यासारखे ते काय असणार, असे मलाही एके काळी वाटत असे. पण ज्याच्या ग्रंथाने माझ्या विद्यार्थिदशेतील एक मोठी नामुष्की पुसून टाकली, त्या गृहस्थाची ओळख करून देणे हे मी माझे ऋण समजतो. त्यांचे नाव आल्बर्ट सिडनी हॉर्नबी. नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांची स्नेही मंडळी त्यांना ‘ॲश’ म्हणत.

आधी माझी नामुष्की सांगतो. १९७६ साली मी खानापूर तालुक्यातील एका खेड्यातून बेळगावला पी. यू. सी.साठी आलो. एस. एस. एल. सी.पर्यंतचे सारे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले. कॉलेजात इतिहासापासून अर्थशास्त्रापर्यंत सर्व काही इंग्रजीतून. पहिले पंधरा दिवस तर मी वर्गात नुसता बसून असे. मग मी एक दोनशे पानी वही केली. डाव्या बाजूस इंग्रजी शब्द आणि उजव्या बाजूस मराठी अर्थ असे रोज दहा शब्द पाठ करण्याचा नेम धरला. पाचसहा महिन्यांत वही भरत आली आणि मला वाटू लागले की, आता आपण इंग्रजी जिंकले.

त्याच सुमारास निबंध लिहावयाचा होता. विषय पावसाळ्याचा. आमच्या भागातला पाऊस म्हणजे काय, हे खानापूरच्या माणसाला सांगायला नको. मी वहीतले सारे भारदस्त शब्द त्या निबंधात ओतले. निबंध परत आला तेव्हा ओळींपेक्षा तांबड्या शाईची वर्तुळेच जास्त होती. पाऊस जोरदार म्हणून मी त्याला ‘स्ट्राँग’ म्हटले होते. इंग्रजीत तो ‘हेवी’ असतो. शेतीविषयी चर्चा केली म्हणून ‘डिस्कस’च्या पुढे ‘अबाउट’ जोडले होते. इंग्रजीला तो चालत नाही. वडिलांनी मला समजावून सांगितले, हे लिहिताना ‘एक्सप्लेन्ड मी’ असे लिहून गेलो होतो. मध्ये ‘टू’ हवा होता. वर्गात ती वाक्ये वाचून दाखविली गेली आणि हशा झाला. त्या रात्री मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या सरांनी मला बोलावून घेतले. ते रागावले नाहीत. तुला शब्दांची नावे ठाऊक झाली आहेत, पण त्यांची चालरीत ठाऊक नाही, अशा अर्थाचे काही ते बोलले आणि ग्रंथालयातील एक जाडजूड कोश त्यांनी माझ्यापुढे ठेवला. त्यावर हॉर्नबी हे नाव होते. कोशाचे नाव ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’. त्या कोशाचे माहात्म्य कळण्यासाठी तो ज्या परिस्थितीत जन्माला आला ती समजून घेतली पाहिजे.

हॉर्नबी यांचा जन्म १८९८ साली इंग्लंडमधील चेस्टर येथे झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी इंग्रजीची पदवी घेतली आणि १९२४ साली ते जपानला गेले. क्यूशू बेटावरील ओइता या गावी एका वाणिज्य विद्यालयात त्यांची नेमणूक इंग्रजी साहित्य शिकविण्यासाठी झाली होती. परंतु थोड्याच दिवसांत त्यांना दिसून आले की, या मुलांना साहित्याआधी भाषाच हवी आहे. ज्यांना साधे वाक्य नीट जुळविता येत नाही त्यांच्यापुढे महाकवींची थोरवी गाऊन काय उपयोग? साहित्याचा हा पदवीधर मग हळूहळू भाषेचा शिक्षक झाला. मला वाटते, त्यांच्या आयुष्यातील खरा निर्णय हाच. विद्यार्थ्याला काय हवे आहे ते पाहून त्यांनी आपली आवड बाजूला ठेवली.

त्या वेळी टोकियोमध्ये हॅरल्ड पामर नावाचे एक विलक्षण भाषाशिक्षक काम करीत होते. १९२२ साली ते जपानला आले होते आणि पुढच्याच वर्षी तेथे इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनासाठी एक संस्था स्थापन झाली. परभाषा शिकणाऱ्याने आधी कोणते शब्द शिकावेत, या प्रश्नाने पामर यांना झपाटले होते. इंग्रजी शब्दांचा सागर अफाट. आयुष्य संपेल पण शब्द संपणार नाहीत. तेव्हा त्यांतले अधिक उपयोगाचे निवडून काढले पाहिजेत. हॉर्नबी ओइताहून या कामात सहभागी झाले आणि पुढे पामर यांनी त्यांना टोकियोस बोलावून घेतले. १९३७ साली दोघांच्या नावे हजार शब्दांच्या इंग्रजीवरील एक पुस्तकही निघाले.

याच प्रश्नाशी आपल्या देशातही एक शिक्षक झुंजत होता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. मायकेल वेस्ट हे त्यांचे नाव आणि ढाका हे त्यांचे कार्यक्षेत्र. बंगालमधील शाळकरी मुलांचे इंग्रजी वाचन पाहून त्यांनी निवडक शब्दांची वाचनमाला तयार केली. १९३५ साली त्यांचा जो छोटा कोश निघाला त्यात सुमारे २४,००० शब्दांचे व वाक्प्रचारांचे अर्थ केवळ १,४९० सोप्या शब्दांत सांगितले होते. अवघड शब्दाचा अर्थ त्याहून अवघड शब्दांत सांगणाऱ्या कोशांनी ज्याला छळले असेल, त्यालाच या कामाची किंमत कळेल. पुढे १९५३ साली वेस्ट यांनी सुमारे दोन हजार शब्दांची जी सूची प्रसिद्ध केली ती जगभरच्या पाठ्यपुस्तकांना पायाभूत ठरली.

टोकियोतील संशोधन मात्र शब्दांची मोजदाद करून थांबले नाही. पामर आणि हॉर्नबी यांच्या लक्षात आले की, शब्द एकटा कधीच राहत नाही. त्याची सोयरीक ठरलेली असते. हे आपल्या भाषेवरून पाहा. आपण चहाला कडक म्हणतो, उन्हाला रखरखीत म्हणतो आणि पावसाला मुसळधार. रखरखीत चहा कोणी मागितला तर हॉटेलवाला तोंडाकडे पाहील. आपण भाकरी खातो, शपथ खातो आणि प्रसंगी मारही खातो. आपल्या कन्नड मित्रांच्या भाषेतही मार खाल्लाच जातो. इंग्रजीत मात्र असे खाणे नाही. शब्दांच्या या ठरलेल्या जोड्यांचा मोठा अहवाल १९३३ साली त्या संस्थेने प्रसिद्ध केला. त्या कामात हॉर्नबींचा वाटा होता.

१९३६ साली पामर इंग्लंडला परतले आणि संस्थेच्या पत्रिकेची जबाबदारी हॉर्नबींवर आली. १९३७ मध्ये त्यांनी गेटनबी आणि वेकफील्ड या दोन सहकाऱ्यांसह परभाषिक विद्यार्थ्यांसाठी एक नवा कोश करावयास घेतला. यापूर्वीचे थोर इंग्रजी कोश इंग्रजांनी इंग्रजांसाठी केलेले होते. ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे त्याला ‘डिस्कस’पुढे काय येते हे सांगण्याची गरज नसते, ते तो आईच्या मांडीवरच शिकलेला असतो. परक्याला ते कोण सांगणार? ते सांगण्याचे काम या कोशाने पत्करले. कोणते नाम मोजता येते आणि कोणते येत नाही, हे त्यात दिले. म्हणूनच ‘फर्निचर’ आणि ‘ॲडव्हाइस’ यांना अनेकवचन लावू नये, हे आम्हाला कळले. क्रियापदांचे तर पंचवीस साचे करून कोणते क्रियापद कोणत्या साच्यात बसते, ते आकड्यांनी दाखविले. जुनाट, वापरातून गेलेले शब्द गाळले आणि त्या जागी वाक्यांची उदाहरणे भरली. थोडक्यात, हा कोश वाचणाऱ्याइतकाच लिहिणाऱ्यासाठी होता.

१९४० साली काम पुरे झाले आणि १९४१ च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरला. जपानमधील ब्रिटिश नागरिक एका दिवसात शत्रू ठरले. हॉर्नबींना स्थानबद्ध व्हावे लागले. ज्या देशाला त्यांनी आयुष्याची सतरा वर्षे दिली होती, त्याच देशात ते कैदी झाले. पण याच काळात एक अशी गोष्ट घडली की ती वाचताना मी दरवेळी थबकतो. १९४२ साली, इंग्रजी ही शत्रूची भाषा मानली जात असताना, टोकियोतील काइताकुशा या जपानी प्रकाशकाने तो इंग्रजी कोश छापून प्रसिद्ध केला. तोफा धडधडत असताना एक प्रकाशक शत्रूच्या भाषेतील क्रियापदांचे पंचवीस साचे छापतो, याला केवळ व्यापार म्हणता येईल काय? एकत्र बसून केलेल्या कामाचे नाते युद्धालाही तोडता आले नाही, एवढेच मी म्हणेन.

त्याच वर्षी कैद्यांच्या अदलाबदलीत हॉर्नबी सुटले. मग ब्रिटिश कौन्सिलच्या सेवेत ते इराणला गेले आणि युद्ध संपेपर्यंत तेहरानच्या विद्यापीठात शिकवीत राहिले. १९४६ साली त्यांनी इंग्रजीच्या शिक्षकांसाठी एक नियतकालिक सुरू केले. ते आजही चालू आहे. १९४८ साली ऑक्सफर्डच्या मुद्रणालयाने टोकियोचा कोश जसाच्या तसा, छायाचित्रण पद्धतीने, पुन्हा छापला. १९५२ मध्ये त्याला ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ हे नाव मिळाले. दुसरी आवृत्ती १९६३ साली निघाली आणि तिसरी १९७४ साली. मी ग्रंथालयात पाहिली ती ही तिसरी. ज्यांच्या पायाशी बसून हॉर्नबी हे शास्त्र शिकले ते पामर मात्र १९४४ मध्येच निवर्तले होते.

कोश जगभर गेला. त्यावर पैसाही पुष्कळ मिळू लागला. येथे या माणसाचा मोठेपणा दिसतो. १९६१ साली त्यांनी एक न्यास स्थापन केला आणि ग्रंथांच्या मानधनाचा मोठा भाग त्याला देऊन टाकला. देशोदेशींच्या इंग्रजी शिक्षकांना पुढील शिक्षणासाठी मदत करणे, हा त्याचा हेतू. ज्या गरीब देशांतल्या विद्यार्थ्यांनी कोश विकत घेतला त्यांचा पैसा त्यांच्याच शिक्षकांकडे परत जावा, ही त्यामागील भावना. १९७८ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, हॉर्नबी निधन पावले. त्यांचा कोश मात्र वाढत राहिला आहे; २०२० साली त्याची दहावी आवृत्ती निघाली.

आता पुन्हा माझ्या वहीकडे येतो. वसतिगृहातील माझा खोलीसोबती कन्नड माध्यमातून आलेला होता आणि त्याचीही अवस्था माझ्यासारखीच होती. नवा कोश एकट्याला परवडणारा नव्हता. आम्ही दोघांनी पैसे काढून जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक प्रत मिळविली. बाहेर सीमेचा वाद पेटलेला असे. त्यावर आमचेही भांडण होई आणि कधी कधी दोन दिवस अबोला राही. पण संध्याकाळी कंदिलाएवढ्या उजेडाच्या त्या दिव्याखाली कोश मध्ये ठेवून आम्हाला समोरासमोर बसावेच लागे. मी जुनी वही टाकून दिली. नव्या वहीत एकटा शब्द लिहावयाचा नाही, असा नियम आम्ही केला. शब्दाबरोबर त्याचे शेजारी लिहावयाचे, त्याचे एक वाक्य लिहावयाचे आणि दुसरे वाक्य स्वतः रचावयाचे. दहाऐवजी रोज तीनच शब्द, पण ते पुरे घरोब्याचे. वर्षअखेरीस मी पावसावरचा तोच निबंध पुन्हा लिहून सरांना नेऊन दाखविला. वर्तुळे दोनच होती.

बी. ए. झाल्यावर आम्ही वेगळे झालो तेव्हा कोश कोणी न्यावा, हा प्रश्न आला. मित्राने तो मुकाट्याने माझ्या ट्रंकेत ठेवला. मी इंग्रजीचा अध्यापक होणार, हे त्याला ठाऊक होते. आज तुमच्या हातातल्या फोनवर शब्द टाकला की अर्थ क्षणात समोर येतो. त्यात वाईट काही नाही. पण अर्थ मिळाला म्हणजे शब्द मिळाला, असे मानू नका. मी मानले होते, आणि त्याची किंमत भर वर्गात मोजली. शब्द कोणाबरोबर राहतो, हे पाहून मग तो घरात घ्या.

त्या कोशाची पाठ आता उसवली आहे. पहिल्या पानावर दोन सह्या आहेत, एक मराठीत आणि एक कन्नडात. खाली छापलेले नाव इंग्रजीत आहे. ही तिन्ही नावे एका पानावर पाहिली की हॉर्नबी आमच्या खोलीत कधी आले नाहीत, असे मला वाटतच नाही.