तबेल्यात भरलेली शाळा : संत मेरी मॅकिलॉप



मुलांना कॅथलिक शाळेत घालताना आपण इमारत, निकाल आणि शिस्त पाहतो. अशा शाळा कोणाच्या त्यागावर उभ्या राहिल्या, हा विचार मात्र क्वचितच करतो. ८ ऑगस्ट हा संत मेरी मॅकिलॉप ह्यांचा सण. त्यानिमित्त आपण ह्या शिक्षिकेची ओळख करून घेऊ या.

मेरींचा जन्म १५ जानेवारी १८४२ रोजी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे झाला. आईवडील स्कॉटलंडहून आलेले. आठ भावंडांत त्या थोरल्या. वडिलांना कामधंद्यात यश येईना, त्यामुळे घर चालविण्यासाठी मेरींनी लहान वयात दुकानात कारकुनी केली. पुढे पेनोला गावी नातेवाइकांच्या मुलांना शिकवीत असताना त्यांची फादर ज्युलियन टेनिसन वूड्स ह्यांच्याशी भेट झाली. गोरगरिबांच्या मुलांसाठी शाळा हवी, हे दोघांचेही स्वप्न होते. १८६६ साली मेरींच्या भावाने एक जुना तबेला दुरुस्त करून दिला आणि तेथे शाळा भरू लागली. ज्याला जमेल त्याने फी द्यावी. नसेल त्याचेही मूल परत पाठवायचे नाही. ह्या शाळेतूनच संत योसेफाच्या धर्मभगिनींचा संघ जन्मास आला. १८७१ पर्यंत भगिनींची संख्या सव्वाशेच्या पुढे गेली.

आणि मग क्रूस आला. संघाचा कारभार भगिनींनीच निवडलेल्या प्रमुखांकडे असावा, असे मेरींचे म्हणणे. तो आपल्या हाती असावा, ही अॅडलेडच्या बिशपांची इच्छा. मेरी नमल्या नाहीत. २२ सप्टेंबर १८७१ रोजी बिशप शील ह्यांनी त्यांना ख्रिस्तसभेतून बहिष्कृत केले. बऱ्याच भगिनींना संघ सोडावा लागला, अनेक शाळा बंद पडल्या. सॉलोमन नावाच्या एका ज्यू गृहस्थांनी भगिनींना राहायला घर दिले. मेरींनी मात्र बिशपांविरुद्ध मोहीम उघडली नाही, ख्रिस्तसभाही सोडली नाही. पाच महिन्यांनी, मृत्युशय्येवर असताना, बिशपांनी बहिष्कार मागे घेतला.

१८७३ साली मेरी रोमला जाऊन पोप नववे पायस ह्यांना भेटल्या. १८८८ साली पोप तेरावे लिओ ह्यांनी संघाला अंतिम मान्यता दिली. १९०२ साली अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, तेव्हा त्या डाव्या हाताने लिहू लागल्या. ८ ऑगस्ट १९०९ रोजी सिडनी येथे त्यांचे निधन झाले. १७ ऑक्टोबर २०१० रोजी पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांनी त्यांना संत घोषित केले. आज मेलबर्नजवळ वेरिबी येथील त्यांच्या नावाच्या माध्यमिक शाळेत मुलगे व मुली एकत्र शिकतात.

आज्ञापालन म्हणजे मुकाट्याने मान डोलावणे नव्हे, आणि सत्याचा आग्रह म्हणजे बंडही नव्हे. ह्या दोहोंमधली वाट अरुंद असते. मेरी त्या वाटेने चालल्या, म्हणून शाळाही वाचल्या आणि ख्रिस्तसभेची एकताही राखली गेली.

आपल्यापुढे प्रश्न एवढाच : फी भरता येत नाही म्हणून आपल्या शेजारचे एखादे मूल घरी बसले आहे काय? ह्या आठवड्यात त्या घरी जाऊन चौकशी करू या.