रांजणातले खडे

गेल्या वर्षी आजी अंथरुणाला खिळली होती. परीक्षा चालू आहे असे पत्राने कळवून मी गावी गेलो नाही. परीक्षेला खरे तर दहा दिवस अवकाश होता. मी गेलो तेव्हा आजी नव्हती. ही बोच मनात असतानाच ग्रंथालयात जॉन न्यूटनचे चरित्र हाती लागले. 'अमेझिंग ग्रेस' हे जगभर गाइले जाणारे ख्रिस्ती स्तोत्र रचणारा हा पाद्री एके काळी गुलामांचा व्यापार करीत होता, हे मला ठाऊक नव्हते.

न्यूटनचा जन्म १७२५ साली लंडनमध्ये झाला. वडील जहाजाचे कप्तान. सात वर्षे पुरी होण्याआधीच आई गेली. पुढे आरमारात सक्तीची भरती, पलायन, फटके आणि अखेर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका गुलाम-व्यापाऱ्याच्या पदरी उपासमार. देवधर्माची टवाळी हा त्याचा छंद. मार्च १७४८ मध्ये मायदेशी परतताना अटलांटिक महासागरात वादळाने जहाज फुटले. पोटात मेण आणि हलके लाकूड होते म्हणूनच ते तरंगत राहिले. पंप मारता मारता या नास्तिकाच्या तोंडून देवाचे नाव निघाले. २१ मार्च हा दिवस तो जन्मभर पाळीत असे.

झाले, वाल्याचा वाल्मीकी झाला, असे आपल्याला वाटेल. पण तसे झाले नाही! त्यानंतरही तो गुलामांच्याच जहाजांवर गेला. १७५० ते १७५४ या काळात तर तीन सफरींवर तो स्वतः कप्तान होता. वर खलाशांसाठी रविवारची प्रार्थना, खाली साखळदंडांत जखडलेली माणसे. मेलेल्यांची नोंद तो रोजनिशीत नावाने नव्हे, क्रमांकाने करी. वाल्याच्या रांजणातले खडेच ते. १७५४ मध्ये समुद्र सुटला तोही आजारपणामुळे, मनाच्या टोचणीने नव्हे.

१७६४ मध्ये तो ओल्नी गावी पाद्री झाला. तेथे कवी विल्यम कूपरबरोबर केलेला स्तोत्रसंग्रह १७७९ मध्ये निघाला. १७८५ मध्ये तरुण खासदार विल्यम विल्बरफोर्स सल्ल्यासाठी आला, तेव्हा त्याला राजकारण सोडू नकोस असे सांगणारा न्यूटनच. आणि १७८८ मध्ये त्याने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका लिहून स्वतःच्या हातून घडलेले सारे उघड केले, पुढे संसदेच्या समितीपुढे साक्षही दिली.

समुद्र सोडल्यापासून मध्ये ३४ वर्षे गेली. माझा एक मित्र म्हणतो, देवाने क्षमा केली असे मानल्यावर जुने उकरायचे कशाला? मला उलट वाटते. वाल्याने तप केले. ख्रिस्ती श्रद्धेत क्षमा कमवावी लागत नाही, ती कृपेने मिळते. आपला हिशेब चुकता झाला अशी खात्री असलेल्याला अब्रू सांभाळीत बसावे लागत नाही, म्हणूनच न्यूटन भर सभेत बोलू शकला. दिवाळीत मी आईला परीक्षेचे खरे सांगितले. तिने एवढेच विचारले, मग इतके दिवस का बोलला नाहीस? न्यूटनलाही हेच विचारावेसे वाटते.

मार्च १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने हा व्यापार बंद केला. तोवर न्यूटनची दृष्टी अधू झाली होती. त्याच वर्षी २१ डिसेंबरला तो वारला. आपला मृत्युलेख त्याने स्वतःच लिहून ठेवला होता. त्यात आधी तो आपण नास्तिक आणि स्वैराचारी होतो हे सांगतो, आणि मग येशू ख्रिस्ताच्या दयेने क्षमा मिळाल्याचे.