साबण मागणारी एमिली

बंडखोर रानात शिरले, हाती लागेनात, की सरकारचा राग निघतो कुणावर? मागे राहिलेल्या बायकापोरांवर. दक्षिण आफ्रिकेत १९०० साली तेच झालं. इंग्रजांनी बोअर शेतकऱ्यांची शहरं घेतली, पण बोअर पुरुष गनिमी काव्याने लढतच राहिले. त्यांना भाकरी मिळते घरून, म्हणून घरंच जाळायची! सुमारे ३०,००० शेतघरं जाळली गेली आणि बायकामुलांना तंबूंच्या छावण्यांत कोंडलं.

हे इंग्लंडमध्ये एका इंग्रज बाईलाच खुपलं. एमिली हॉबहाऊस, जन्म १८६०, कॉर्नवॉलमधल्या पाद्रीबुवांची मुलगी. आई गेल्यावर पस्तिशीपर्यंत आजारी वडिलांची सेवा केली, पुढे ठरलेलं लग्नही मोडलं. मदतनिधी उभारून ती एकटी निघाली आणि जानेवारी १९०१ मध्ये ब्लूमफाँटेनच्या छावणीत पोचली.

तिथे तिने पाहिलं ते एखाद्या गृहिणीच्या नजरेनं. एका तंबूत माणसं किती, पाणी उकळायला सरपण आहे का, पोरांना दूध मिळतं का. साबण तर मुळीच नव्हता. अधिकाऱ्यांच्या मते ती चैनीची वस्तू! ज्यांचे नवरे अजून लढत होते, त्यांचा शिधा सुरुवातीला मुद्दाम कमी ठेवलेला. म्हणजे नवऱ्याच्या बंडाची शिक्षा लेकराच्या ताटात. गोवर, जुलाब, विषमज्वर पसरले. छावण्यांत सुमारे २६,००० बायकामुलं गेली, त्यांत मुलंच फार. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या छावण्यांतही हजारो माणसं मेली. तिथे मात्र एमिली स्वतः पोचली नाही. वेळ नि ताकद अपुरी पडली, त्यांची चौकशी व्हावी एवढं तिने लिहिलं. मला ही उणीव सलते.

तिचा अहवाल जून १९०१ मध्ये आला आणि गदारोळ उठला. तिला देशद्रोही ठरवलं, पण सरकारला चौकशीसाठी बायकांचीच समिती पाठवावी लागली. हळूहळू छावण्या सुधारल्या, मृत्यू घटले. ऑक्टोबरात ती पुन्हा केपटाउनला गेली, तर तिला उतरूच दिलं नाही. शालीत गुंडाळून, उचलून परतीच्या बोटीवर नेलं.

पण ही बाई गप्प बसणारी नव्हती. युद्ध संपल्यावर जळक्या घरांतल्या मुलींच्या हाताला काम हवं, म्हणून १९०५ पासून तिने सूत कातण्याच्या, विणण्याच्या शाळा काढल्या. नुसतं धान्य वाटून भागत नाही, हे तिला कळलं होतं. कस्तुरबा आणि इतर हिंदी बायका सत्याग्रहात तुरुंगात गेल्या, त्या १९१३ च्या लढ्याच्या वेळी गांधीजी आणि जनरल स्मट्स यांच्यात बोलणी व्हावीत म्हणून तिने दोघांनाही पत्रं लिहिली.

पहिल्या महायुद्धानंतर ती जर्मनीत लाइपझिगच्या उपाशी मुलांना जेवू घालत होती. पुढे तिचीच परिस्थिती बेताची झाली, तेव्हा आफ्रिकेतल्या बोअर बायकांनी घराघरांतून थोडे थोडे पैसे गोळा केले आणि तिला कॉर्नवॉलमध्ये, समुद्राकाठी, एक घर घेऊन दिलं. १९२६ मध्ये ती लंडनला वारली. तिच्या अस्थी ब्लूमफाँटेनला नेऊन छावणीत गेलेल्या बायकामुलांच्या स्मारकापाशी ठेवल्या आहेत.