भीमरावांचे गुण आणि केळुसकर गुरुजींची नजर



दहावीचा निकाल लागला की आमच्या वाशिमकडच्या प्राथमिक शाळेतून गेलेली मुलं आई-बाबांना घेऊन भेटायला येतात. एवढ्या टक्क्यांत कोणती साइड मिळेल, हाच प्रश्न. अशा वेळी मला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा मॅट्रिकचा निकाल आठवतो. 1907 साली भीमराव मॅट्रिक पास झाले ते 750 पैकी 282 गुणांनी. म्हणजे शेकडा अडतीससुद्धा नाहीत!

जन्म 14 एप्रिल 1891, महू. वडील सुभेदार रामजी सैन्याच्या शाळेत शिक्षक होते. पुढे मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत संसार. पण मुलाने पुस्तक मागितलं की रामजी लेकींच्या दारी जायचे, प्रसंगी त्यांचे दागिने गहाण पडायचे. पालकहो, इथे जरा थांबून विचार करा.

शाळेत भीमरावांना संस्कृत घ्यायचं होतं. मिळालं नाही. जातीमुळे फारशी घ्यावी लागली. विषय ठरवताना मुलाची आवड, त्याचं वाचन कुणी पाहिलंच नाही. (संस्कृत ते पुढे स्वतःच्या कष्टाने शिकले, ही गोष्ट वेगळी.)

ते वाचन पाहिलं कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी. विल्सन हायस्कूलचे हे शिक्षक चर्नी रोडच्या बागेत जायचे. तिथे शाळा सुटल्यावर एक मुलगा रोज वाचत बसलेला दिसे. त्यांनी चौकशी केली, ओळख वाढवली, पुस्तकं दिली. मॅट्रिकनंतरच्या सत्कारात स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धांचं चरित्र भेट दिलं. त्यांनी गुणपत्रिकेवरून अंदाज बांधला असता तर गोष्ट तिथेच संपली असती, असं मला वाटतं.

पुढे एल्फिन्स्टन कॉलेजचा खर्च रामजींना झेपेना. तेव्हा केळुसकर भीमरावांना घेऊन थेट सयाजीराव महाराजांकडे गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि दरमहा 25 रुपये शिष्यवृत्ती दिली. बघा, तोंडी परीक्षाच की ही! बी.ए. झाल्यावर 1913 साली बडोद्याच्याच मदतीने ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. मुख्य विषय अर्थशास्त्र, पण जोडीला इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. इथे विषय निवडताना जात आडवी आली नाही. 1915 ला एम.ए., नंतर लंडनला डी.एस्सी. दादरला राजगृह बांधलं तेही पुस्तकांचा विचार करून. 1946 ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं. 6 डिसेंबर 1956 ला महापरिनिर्वाण झालं, तोवर वाचन सुटलं नाही.

आपणही वर्गात वाचन चाचणी घेतो. अक्षर, शब्द, वाक्य, उतारा असे स्तर लिहितो आणि वही मिटतो. यंदा मी माझ्या नोंदवहीत हाताने एक रकाना आखलाय: मूल घरी आपणहून काय वाचतं? पहिल्या आठवड्यात अर्धा रकाना कोराच राहिला, कारण मी आजवर कधी विचारलंच नव्हतं.